थंडीत तापणारी पेटी

स्क्रीन काळी झाली की बाबा आधी स्वतःचा उजवा हात उचलून बघायचे. डाव्या हाताने त्याचं मनगट धरायचं, वर न्यायचं आणि सोडून द्यायचं. हात धप्पकन मांडीवर पडायचा. मग ते एक डोळा झाकून बघायचे, दुसरा झाकून बघायचे, आणि शेवटी माझ्याकडे बघायचे. त्या बघण्यात एकच प्रश्न असायचा, परत आला का? मी ओरडून सांगायचो, "बाबा, तुम्हाला काही झालेलं नाही, कम्प्युटर थांबलाय, कम्प्युटर!" पण सांगताना माझाच आवाज इतका कापायचा की त्यांचा विश्वास कसा बसावा?

परत आला का, म्हणजे लकवा परत आला का. बाबा करंजाच्या बंदरात तांडेल होते. मासेमारीच्या बोटीचं सुकाणू त्यांच्या हातात असायचं आणि बोटीवरच्या माणसांचे जीवही. एका सकाळी बोट बंदराकडे वळवताना त्यांच्या उजव्या बाजूचा समुद्र अचानक काळा झाला. मग हात गेला, पाय गेला, आणि खलाशांना हाक मारायला तोंड उघडलं तर जीभही गेलेली. हे सगळं त्यांनी आम्हाला पुष्कळ पुढे, डाव्या हाताच्या खुणांनी सांगितलं. खलाशांनी बोट किनाऱ्याला आणली, हॉस्पिटलात जीव वाचला, आणि मी आईबाबांना माझ्याकडे कामोठ्याला घेऊन आलो.

मी भित्रा माणूस आहे हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या भीतीतूनच दिसणार आहे. 'तांडेलाचा पोरगा नि पाण्याला भितो' हे वाक्य ऐकत मी मोठा झालो. लहानपणी एकदाच बाबा मला बोटीवर घेऊन गेले. थंडीचे दिवस होते. बंदर दिसेनासं झालं तशी मी जी ओकायला सुरुवात केली ती परत येईपर्यंत. शेवटी बाबांनी मला उचलून इंजिनावरच्या लाकडी पेटीपाशी झोपवलं, कारण अख्ख्या बोटीवर तेवढीच एक जागा ऊबदार होती. खलाशी आळीपाळीने यायचे, पेटीला तळपाय टेकवून शेकून जायचे. मी त्यांचे पाय मोजत पडलो होतो आणि देवीला सांगत होतो की एकदा जमिनीला लागू दे, पुन्हा पाण्याचं नाव काढणार नाही. देवीला दिलेला तो शब्द मी पाळला. शिकलो, जमिनीवरच्या धंद्यात शिरलो. विचुंब्याकडे ज्या नव्या इमारती उठत होत्या त्यांची रंगीत चित्रं मी कम्प्युटरवर करून द्यायचो. पायाही खणलेला नसायचा आणि माझ्या चित्रात बाल्कनीत कुंड्या लागलेल्या असायच्या. त्या कामासाठी मी दणकट ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. आणि कार्ड आहेच म्हटल्यावर रात्री दोन गेम खेळलो तर कोणाच्या बापाचं काय जातं, असं मी म्हणायचो. बापाचंच पुढे काय काय जाणार होतं ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. अक्षरशः. सकाळी आम्ही त्यांना कुशीवर वळवायचो, ते तसेच भिंतीकडे बघत दिवस काढायचे. व्यायाम शिकवायला बाई यायच्या, त्यांच्याकडेही बघायचे नाहीत. तोंडातून एक शब्द नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, यांना अचानक धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका, रक्तदाब चढला तर दुसरा झटका येऊ शकतो आणि तो पहिल्यासारखा सोडून देणार नाही. दोन, उजव्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलं तरी त्यांना कळणार नाही. मी भिण्यासाठी जन्माला आलेला माणूस. मला ही दोन वाक्यं पुरेशी होती. दाराची बेल वाजली की मला घाम फुटायचा, म्हणून मी बेलच काढून टाकली.

गेमची सुरुवात चुकून झाली. माझ्याकडे बोट चालवायचा एक गेम होता. त्यात मालवाहू जहाजं, टगबोटी आणि मासेमारीची एक बोटही होती. कार्डावर लाटा कशा दिसतात ते बघायला मी तो घेतला होता. त्या दिवशी मी तो लावला आणि इंजिनाचा धडधड आवाज खोलीत घुमला. माझ्या मागे पलंग कुरकुरला. बाबा मान वळवून बघत होते. भिंत सोडून ते काहीतरी बघतायत हे मला आईला ओरडून सांगावंसं वाटलं, पण धक्का नको म्हणून मी गप्प राहिलो. मी मुद्दाम बोट खडकाकडे नेली. बाबांच्या घशातून आवाज आला. आणखी जवळ नेली. "डा... डावी!" बाबा ओरडले. 

हा लकव्यानंतरचा त्यांचा पहिला शब्द. आई स्वयंपाकघरातून हातातला कोयता तसाच घेऊन धावत आली, ती मासळी कापत होती. तिला वाटलं मी काहीतरी घोळ घातला. मी तिला नुसतं बोट दाखवलं. बाबा पुन्हा म्हणाले, "डावी, डावी," आणि मी बोट वळवली तेव्हा त्यांनी असा सुस्कारा सोडला की जणू खरंच माणसं वाचली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांना दोघं मिळून उचलून टेबलाशी खुर्चीत बसवू लागलो. डाव्या हाताला बाण असलेली बटणं. उजवा हात मांडीवर, उजवा पाय जिथे ठेवू तिथे. पहाटे उठायची त्यांची सवय लकव्यानेही गेली नव्हती, त्यामुळे बोट सकाळीच निघायची. आई शेजारी बसायची. "आवो, त्या लाल दिव्याच्या भायेरून न्या," असं सांगायची. जन्मभर बाजारात टोपली घेऊन बसलेली बाई, बोटीवर कधी चढली नव्हती, पण सल्ले द्यायला मागे नव्हती. बाबा चिडायचे. चिडायला शब्द लागतात, म्हणून शब्द यायला लागले. 'गप', 'वारा', 'भरती', 'पोरा'. दिवसाला एखादा नवा शब्द, जाळ्यात एखादी चुकार मासळी यावी तसा. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, जे काय करताय ते थांबवू नका. मी मनात म्हटलं, देवी, एवढं चालू दे.

आणि थंडी पडायला लागली तसं ते यंत्र बंद पडायला लागलं.

आधी पंख्याचा आवाज वाढायचा. मग लाटांमध्ये हिरवे-जांभळे चौकोन दिसायचे. मग चित्र जागच्या जागी गोठायचं, इंजिनाचा आवाज एकाच ठिकाणी अडकून घरघरत राहायचा, माणसाच्या घशात काही अडकावं तसा, आणि स्क्रीन काळी. भर समुद्रात, सुकाणू हातात असताना, काळी. ज्या माणसाच्या डोळ्यांपुढे खरा समुद्र असाच काळा झाला होता त्याच्या पुढ्यात हे होत होतं. पहिल्या वेळी बाबांच्या कपाळावर घामाचे थेंब आले आणि ओठ पांढरे पडले. मी रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळायला गेलो तर माझ्याच हातांना तो गुंडाळता येईना. आई म्हणाली, "सर, मी बगते." तिने बांधला. आकडा चढलेला होता. अर्ध्या तासाने उतरला. तोवर मी काय काय बघून आलो होतो ते सांगत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्या मागे तर त्यांची वरात होती.

मी शोधाला लागलो. कार्ड किती तापलंय ते स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवणारा एक प्रोग्रॅम बसवला. सकाळी बाबा खेळत असले की तो आकडा चढत चढत जायचा, लाल व्हायचा आणि खेळ खलास. म्हणजे कार्ड तापतंय हे नक्की. पण दुपारी मी स्वतः बसून तोच गेम, तीच बोट, तेच वादळ लावलं, तर काही नाही. तासन्‌तास चाललं. आकडा जागचा हलेना. दुपारी कामोठ्यात ऊन तापतं, पत्र्याचे शेड कडकड वाजतात. तेव्हा हे यंत्र गार. आणि सकाळी, जेव्हा आई बाबांच्या पायांवर लोकरीची शाल टाकायची आणि मी स्वतः मफलर गुंडाळून हिंडायचो, तेव्हा हे तापून बंद. थंडीत तापतं आणि उन्हात निवतं असं यंत्र मी बापजन्मात पाहिलं नव्हतं. मला खरं सांगायचं तर यंत्राचीच भीती वाटायला लागली. ते फक्त बाबा बसले की मरत होतं.

'मरत होतं' हा शब्दही घरात काढायची सोय नव्हती. बोटीवर कोणी 'बुडणं' हे तोंडातून काढत नाही, तसं आईने 'बंद पडला' म्हणायला बंदी घातली होती. "थांबला म्हन," ती म्हणायची. सीपीयूला ती 'पेटी' म्हणायची. "पेटीला नजर लागली हाय. शेजारची येऊन बगून गेली त्याच दिशी." तिने सुक्या मिरच्या आणि मोहरी घेऊन पेटीवरून उतरवली, गॅसवर जाळली. ठसक्याने आम्ही तिघं खोकत बसलो. मी तिला हसलो नाही. माझं सॉफ्टवेअर तरी वेगळं काय करत होतं? आकडा दाखवत होतं आणि मी घाबरत होतो.

मग मी पेटी उचलून रिक्षात घातली आणि पनवेलच्या बाजारात कम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेली. हा गृहस्थ मोठा बोलका. स्क्रू सोडवायच्या आधीच त्याने निदान केलं, "गर्द आहे साहेब, गर्द. धूळ. कामोठ्यात बांधकामं चालू आहेत ना सगळीकडे, सिमेंट जातं आत." कार्ड काढलं, पंख्याच्या पात्यांतून तपकिरी पिठासारखी धूळ निघाली. त्याने ब्लोअर मारला, चिपवरची सुकलेली पेस्ट खरवडून नवी पांढरी पेस्ट लावली आणि म्हणाला, "आता बर्फ आहे बर्फ. इन्शाअल्ला दोन वर्षं बघायला नको." मी विचारलं, पण थंडीतच का तापतं? तो म्हणाला, "मशीनचं आपलं नसीब असतं साहेब." या उत्तराने माझं समाधान झालं नाही, पण धूळ तर मी डोळ्यांनी पाहिली होती. मी सुटलो असं समजून घरी आलो.

आणि खरंच सुटलो होतो. आभाळ भरून आलं, थंडी पळाली, पंखे लावावे लागले. त्या दिवसांत पेटी एकदाही थांबली नाही. बाबा बंदरातून बोट काढायचे आणि परत आणून धक्क्याला लावायचे. एकदा आईने विचारलं, "आवो, बोंबील घालू का जेवायला?" तर बाबा म्हणाले, "दोन." आई आत जाऊन ओट्याला टेकून रडली. मी दुरुस्तीवाल्याला मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले.

मग आभाळ मोकळं झालं. कडाका पडला. आणि त्या सकाळी, मी अंघोळीला गेलो असताना, बाहेर ती घरघर सुरू झाली.

मी टॉवेलवर धावत आलो. स्क्रीन काळी होती. बाबांनी या वेळी हात उचलून बघितला नव्हता. ते खुर्चीत एका बाजूला कलले होते, तोंडातून लाळ येत होती, आणि मग त्यांना उलटी झाली. आई त्यांचं डोकं धरून "आवो, आवो" करत होती. मला वाटलं, झालं. आला. दुसरा आला आणि मीच आणला, गेम लावून. मी तिथेच भिंतीला धरून उभा राहिलो. रिक्षा कोणी बोलावली, बाबांना जिन्यावरून कोणी उतरवलं, मला आजही नीट सांगता येत नाही. आई सांगते, खालच्या मजल्यावरच्या लोकांनी उतरवलं आणि तू नुसताच पुढे धावत होतास.

दुसरा झटका नव्हता. घाबरून रक्तदाब चढला होता, त्यात रिकामं पोट. डॉक्टरांनी संध्याकाळी सोडलं. वर मला म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलं होतं." त्यांना एवढंच म्हणायचं होतं आणि तेवढ्यात सगळं आलं.

घरी आल्यावर मी पेटीची वायर काढली, गुंडाळली आणि कपाटात ठेवली. माझं काम मी दुसरीकडे जाऊन करीन म्हटलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, मी तर आता पाणीही फुंकून पिणार होतो. 

बाबांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. पहिल्या दिवशी वाटलं दमलेत. नंतर वाटलं रुसलेत. मग शब्द जायला लागले. आधी 'भरती' गेला, मग 'वारा'. आईने मुद्दाम विचारलं, "बोंबील किती घालू?" बाबा भिंतीकडेच बघत राहिले. ती ताट घेऊन तशीच उभी होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. पेटी चालवली तर बाबा जातील ही माझी भीती होती, आणि आता ते पेटीशिवाय, माझ्या डोळ्यांदेखत, थोडे थोडे जात होते. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच असावं.

शेवटी आईच बोलली. "तुजा बाप पन्नास वर्सं दर्यात गेला. मी रोज म्हनायची, आज येतील का नाय. पन मी कदी बोट बांदून नाय ठेवली. वायर काड."

"आणि पुन्हा थांबली तर?"

"तू खाली बस पेटीपाशी. मी हितं बसते. थांबेल तवा बगू."

दुसऱ्या दिवशी गारठा होताच. आम्ही बाबांना खुर्चीत बसवलं. आईने त्यांच्या पायांत लोकरीचे मोजे घातले, वरून शाल टाकली, ती पार फरशीपर्यंत लोंबली. मी बाबांचे दोन्ही पाय शेजारी शेजारी, सरळ ठेवले. उजवा पाय उचलताना नेहमीसारखा जड लागला. मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूने खाली शिरलो आणि पेटीचं पत्र्याचं दार काढून तिच्यासमोर बसलो. बाबा बसायचे त्यांच्या उजव्या हाताला, टेबलाखाली, ही पेटी आडवी कोंबलेली असायची, कारण वायर पुरत नव्हती. तिची पाठ, म्हणजे जिथून कार्डाची गरम हवा बाहेर पडायची ती जाळी, खुर्चीकडे. मी काम करताना मला त्या हवेची झळ लागायची, म्हणून मी उजवा पाय खुर्चीखाली दुमडून बसायचो. सवयच झाली होती.

वर इंजिन धडधडायला लागलं. "हळू," बाबा म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे, पण शब्द आला. मी कार्डाच्या पंख्याकडे बघत होतो. सगळं ठीक होतं. पंखा फिरत होता, धूळ नव्हती. काही वेळ गेला आणि पंख्याचा आवाज चढायला लागला. मी हात पुढे केला, कार्ड तापत होतं. पंखा जीव तोडून फिरतोय, मग हवा जाते कुठे? मी पेटीच्या पाठीमागे हात घातला. जाळीवर हात पडला नाही. लोकर हाताला लागली.

मी शाल बाजूला केली. बाबांचा उजवा पाय होता. मोजा घातलेला, तळवा जाळीला सपाट टेकलेला. शाल आणि पाय मिळून अख्खी जाळी बुजली होती.

मला एकच आठवलं, भाजलं तरी त्यांना कळणार नाही. मी किंचाळलो, "बंद कर, बंद कर!" आणि पाय ओढून घेतला, मोजा फराफर काढला. तळवा लालबुंद होता आणि चांगलाच तापला होता. मी तो उलटासुलटा करून फोड शोधत होतो. "बाबा, भाजलं का? बाबा!"

बाबांनी मान वाकवून टेबलाखाली बघितलं. गेम मध्येच सोडायला लावल्याचा राग त्यांच्या तोंडावर दिसत होता.

"ऊन," ते म्हणाले.

"काय?"

"ऊन हाय," त्यांनी समजावून सांगितलं, बावळट खलाशाला सांगावं तसं. "बरा लागतो."

आम्ही ऊन पाणी, ऊन भात म्हणतो तसं ऊन. मी त्यांचा तळवा हातात धरून बसलो होतो. ज्या पायाला निखारा लावला तरी कळणार नाही असं मला सांगितलं होतं, त्याच पायाला ऊन कळत होतं.

मग मला आईचा राग आला. माझ्या भीतीला कुठेतरी जायचं होतं. "आई, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, त्या पायाला गरम लावायचं नाही? तू पाय तिकडे नेऊन ठेवतेस आणि मी बाजारभर कार्ड घेऊन फिरतो!"

"मी नाय ठेवला," आई म्हणाली. "तूच ठेवतोस ना रोज?"

"मी सरळ ठेवतो. आत्ताही सरळ ठेवला होता."

"मग मी बी नाय."

पंखा हळूहळू शांत होत होता. घरात तिसरं कोणी नव्हतं.

मी मोजा परत चढवला. पाय होता तसा सरळ ठेवला. शाल मात्र टाकली नाही. आई गुडघ्यांवर हात देत खाली बसली आणि टेबलाखाली माझ्याशेजारी सरकली. वर बाबांनी पुन्हा बोट सोडली. आम्ही मायलेकरं जमिनीवर बसून त्या मोज्याकडे बघत होतो. काही होत नव्हतं. पायाची बोटंही हलत नव्हती. मला वाटलं, आपणच आशेने वेडे झालोय, खुर्ची सरकत असेल, पाय घसरत असेल. भीती मला नेहमी खरं बोलणारी वाटायची, त्यामुळे मी तिचंच ऐकत होतो. आईने माझा दंड घट्ट धरला होता.

मग मोज्याखालची फरशी चुर्र वाजली. पाय सरकला. थांबला. परत सरकला, बोटभर. मध्येच दमल्यासारखा पडून राहिला. वर बाबांचं लक्ष पूर्ण समुद्रात होतं, "डावी" म्हणत होते. आणि खाली त्यांचा मेलेला पाय, आमच्या दोघांच्या देखत, गुळगुळीत फरशीवरून पेटीकडे चालला होता.

"दर्यात पन असंच करायचे," आई अगदी हळू म्हणाली. "थंडीच्या दिसांत हात सुकानूवर नि उजवा पाय इंजिनाच्या पेटीला. त्याच पायाचा तळवा सदा काळा. मी घासून घासून दमायची."

मला माझी ती एकमेव सफर आठवली. पेटीपाशी ओकत पडलेला मी, आणि डोळ्यांसमोर येणारे-जाणारे खलाशांचे पाय. एक पाय मात्र जायचा नाही. तो सगळा वेळ माझ्या डोक्याशी होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी दुसऱ्यांना पुष्कळदा सुनावलं होतं.

डॉक्टरांनी नंतर टाचणी टोचून, हातोडी मारून पाहिलं. जीव परत येतोय म्हणाले, फार आशा धरू नका, पण येतोय. भाजण्याबद्दल पुन्हा दम दिला. म्हणून मी वायर लांबवून घेतली आणि पेटी वीतभर मागे सरकवली, म्हणजे वारा पायाला लागेल पण पाय जाळीला टेकणार नाही. पेटी पुन्हा त्या कारणाने कधी थांबली नाही. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की बाबांचा पाय पुन्हा पेटीच्या जवळ पोचलाय. मी पेटी मोजून मागे ठेवायला गेलो तर ती आधीच मी ठेवली होती त्याच्या मागे होती. आई रोज केर काढताना ती बोटभर मागे ढकलत होती, म्हणजे पायाला रोज बोटभर जास्त चालावं लागेल. मला बोलली नव्हती. बाबांनाही नाही. पण एकदा ते वाकून बघत असताना ती सापडली, हात पेटीवर असताना.

"चोर!" बाबा म्हणाले. आणि हसले, तोंड एका बाजूला वाकडं करून. आई लाजून केरसुणी घेऊन आत पळाली.

माझी भीती काही गेली नाही. तसली भीती जात नसते. थंडी सरता सरता एका सकाळी मी खाली दूध आणायला गेलो होतो आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. जिन्यात अंधार झाला तसं माझ्या डोक्यात एकच आलं, स्क्रीन काळी झाली असणार आणि बाबा भर समुद्रात असणार. आई गच्चीवर मासळी वाळत घालायला गेली होती. बाबा एकटे होते. मी दुधाची पिशवी टाकून जिना चढलो, दार ढकललं आणि "बाबा!" म्हणून ओरडलो.

बाबा काळ्या स्क्रीनसमोर खुर्चीत बसले होते. हात उचलून बघत नव्हते. घाम नव्हता. उजवा पाय पार पुढे, पेटीला टेकलेला होता.

"लाइट गेली," मी धापा टाकत म्हणालो. "कम्प्युटर थांबलाय, बाबा, तुम्हाला काही..."

"ओरडू नको," बाबा म्हणाले. "बस. ऊन हाय अजून."